रेतीच्या कॉम्प्युटरात अधिक महिना नाही

चि. अक्षय यास दारव्ह्याहून तानाआत्याचा आशीर्वाद. आम्ही सारे बरे आहोत. तुह्या बापाची शुगरही ठीक आहे (तू विचारलं नाही, तरी सांगते). तब्येतीचं संपलं. आता गुमान वाच अन् मधात फोन करू नको, मी उचलणार नाही.

दिवाळीत तू आमच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून बसला होता. लाटा, वारा, भरती अन् वीस वर्षांची मापं आत घातली की तुह्या नोकरीच्या गावी समुद्राकाठी कोणत्या महिन्यात किती रेती राहील हे तुहं मॉडेल आधीच सांगते म्हणे. पावसाळ्यात लाटा रेती ओढून नेतात, हिवाळ्यात हळूहळू परत आणतात, अन् उन्हाळ्याच्या शेवटी काठ साठ पावलं रुंद. शेजारची जमनी तिथंच बसून ऐकत होती. काचबिंदूनं तिचा एक डोळा गेला, दुसरा चालला. तिनं जन्मात समुद्र पाह्यला नाही. तिले एकच हौस, अनवाणी रेतीवर चालत जायचं अन् लाट पायावर घ्यायची. ज्येष्ठापर्यंत रेती पक्की, हे तुहंच सांगणं.

यंदा ज्येष्ठ आला अधिक. धोंड्याच्या महिन्यात जावई जेवू घालायचे की समुद्र पाह्यचा? म्हणून निज ज्येष्ठ लागल्यावर निघालो. इकडं पेरणीपुरताही पाऊस नव्हता, बाया मोकळ्याच होत्या. नजीरची जीप, नऊ बाया, दीड दिवसाचा रस्ता. (तुले न कळवता येऊन चकित करायचं होतं. तू ट्रेनिंगले दिल्लीत, चकित झालो आम्हीच.) उतरून पाहतो तर रेतीचा पत्ता नाही. नुसते काळे गोटे अन् भिंतीवर आपटणारं पाणी. नजीर म्हणे, आपल्या नदीत याहून जास्त रेती आहे. बायांनी माह्याकडं असं पाह्यलं की जशी मीच ती उचलून नेली.

जमनीनं चपला जीपमध्येच काढल्या होत्या. दोन पायऱ्या उतरून तिनं विचारलं, रेती कुठं आहे? मी म्हणलं, आहे, थोडी पुढं आहे, पण शिपाई जाऊ देत नाही. तिले दिसत नाही म्हणून माहं खोटं खपलं, अन् तेच मले सहन होऊन नाही राह्यलं. तुम्ही शिकलेली माणसं वीस वर्षांच्या लाटा मोजता, अन् दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना एकालेही आठवत नाही? आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरले तो समजते. त्याले तर लाईटही लागत नाही. काहून शिकवलं तुले इतकं?

तुह्यावर रागावलेली,
तानाआत्या

ता. क. कॅलेंडरच्या मागं तुही चिठ्ठी सापडली. ‘३१ मेच्या आत या, नंतर भरवसा नाही.’ खाली माह्या अक्षरात, ‘म्हणजे ज्येष्ठ.’ चिठ्ठी चुलीत घातली. कॉम्प्युटर चुकला असंच बायांले माहीत आहे, तसंच राहू दे.

आणखी ता. क. जमनीले तेव्हाच कळलं होतं. काल म्हणाली, ताना, डोळा गेला, पाय नाही गेले, गोटे समजतात मले. डॉक्टर म्हणतो, दुसरा डोळा फार तर दिवाळीपर्यंत. तुह्या मॉडेलले विचार, रेती त्याच्या आधी येते का. तारीख इंग्रजीत लिही. या खेपेस मी तारखेले हात लावणार नाही.