सुतकातली दाढी

माय, काल ह्यांच्यासाठी दाढीचं यंत्र घ्यायला गेले आणि दुकानात उभ्याउभ्या तुझ्यावर चिडले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी म्हातारी झाले, पण ही चीड काही म्हातारी होत नाही. ह्यांच्या गालावर हल्ली दाढी केली की लाल पुरळ उठतं. डॉक्टर म्हणाले, ते तीन-तीन पात्यांचं सोडा, जुन्या पद्धतीचं एका पात्याचं घ्या. दुकानातल्या पोराने काचेवर चार यंत्रं मांडली आणि म्हणाला, "आंटी, अंकलनाच घेऊन या ना, हे हातात धरून बघावं लागतं." एकेकात पातं बसवायला लावलं, ते दोन्ही बाजूंनी सारखं डोकावतं का ते उजेडात धरून पाहिलं, दांडी ओल्या बोटांत घसरते का ते पाहिलं. पोरगं बघतच राहिलं. मला हे कुणी शिकवलं ते त्याला काय सांगणार? आणि तुला लिहायचं म्हणजेही पंचाईतच. तुला अक्षरओळख नव्हती, आणि माझी शाळा भिलाईची, हिंदीतली. मराठी लिहायला मी लग्न होऊन नागपूरला आल्यावर शिकले. म्हणून हे असं पुस्तकी उतरतंय. तोंडाने बोलले असते तर तुझ्याच बोलीत भांडले असते.

आपण सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा बाबांची दाढी ही काही घरातली बाब नव्हती. गावाकडे न्हावी दारात यायचा, इथे तो बाजारात झाडाखाली बसायचा, एवढाच फरक. सुट्टीच्या दिवशी बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि आठवड्याचं काम उरकून यायचे. मग प्लांटमध्ये भट्टी पेटली आणि बाबांना गॅसच्या टोळीत घेतलं. भट्टीतून निघणाऱ्या त्या गॅसला रंग नाही, वास नाही, माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो आणि उठत नाही, असं बाबा जेवताना सांगायचे, आणि तू म्हणायचीस, "जेवतानी तरी नोका सांगू." गॅसच्या पाइपांवर काम निघालं की टोळीने रबरी मास्क चढवायचा. मास्कचा काठ गालाला सपाट चिकटला पाहिजे. मध्ये दाढीचे खुंट आले की काठ उचलला जातो आणि गॅस आत शिरतो. म्हणून रोज सकाळी दाढी, आणि तीही गुळगुळीत. बाबांचे केस राठ, पण कातडी नाजूक. न्हाव्याचा एकच वस्तरा साऱ्या बाजाराला. थोड्याच दिवसांत मानेवर फोड आले, आणि त्या फोडांवर मास्कचा पट्टा घासायला लागला. दाढी केली तर पट्टा सोलून काढतो, नाही केली तर गॅस शिरतो. "इकडं आड अन् तिकडं विहीर," तू हळद लावता लावता म्हणालीस, "अन् मंधात ह्या माणसाचा गाल."

एका सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेले आणि तू मला घेऊन पॉवरहाऊसच्या बाजारात दाढीचं यंत्र घ्यायला गेलीस. दुकानदार म्हणाला, "बाई, ये आदमी लोगों की चीज है, आदमी को भेजो." तू म्हणालीस, "आदमी ड्यूटी पे है. उसके गाल को हल्दी मैं लगाती, वो नहीं लगाता." दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. तू पदर खोचलास, पाणी मागितलंस, डावा हात कोपरापर्यंत ओला केलास आणि भर दुकानात स्वतःच्या हातावरची लव काढायला लागलीस. मी लाजेने अर्धी झाले होते. पहिल्या यंत्राची खालची पट्टी दातेरी होती. लव सपासप निघाली, पण हात लगेच लाल झाला. दुसरं पत्र्याचं, हलकं. "हे दाबल्याबिगर चालत नाही, अन् दाबलं का कापते," म्हणून तू ते बाजूला सारलंस. तिसरं वजनदार होतं, पट्टी सपाट, पातं जेमतेम केसभर बाहेर. ते तू हातावर नुसतं टेकवलंस आणि ते आपल्याच वजनाने खाली आलं. तू तो हात गालाला लावून पाहिलास आणि म्हणालीस, "हे द्या." संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते हसावं की रागवावं ह्या विचारात पडले. "तू दुकानातच करून पाह्यलं? लोकं काय म्हनतील?" तू चुलीवरची भाकर उलटत म्हणालीस, "लोकाइले मास्क लावा लागत नाही."

बाबांचा हात सुरुवातीला जड होता. गालाला यंत्र लावलं की ते माती खरवडल्यासारखे दाबायचे आणि रक्त काढून बसायचे. मग तूच समोर पाट टाकून बसायला लागलीस. आधी गरम पाण्याचं फडकं गालावर, मग साबण घोळून लावायचा, मग केस ज्या अंगाला वळतात त्याच अंगाने यंत्र खाली आणायचं. "दाबून नोका राहू. त्याचं वजन त्याले हाये, तुमी फक्त वाट दाखवा." शेवटी तुरटी. हळूहळू फोड बसले, मान स्वच्छ झाली. बाबा माझा तळवा आपल्या गालावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाह्य, माशी बसली तरी घसरते." हे दिवस आठवले की तू मला फार आवडतेस. तुझ्यासारखी बाई सगळ्या सेक्टरात नव्हती, हे मी आजही कुणालाही सांगेन. माझं भांडण आहे ते त्याच्या पुढच्या वर्षाशी.

त्या वर्षी गावाहून तार आली, आजोबा गेले. आपण सगळे गोंदियाच्या गाडीने गेलो. अग्नी मोठ्या बाबांनी, बाबांच्या थोरल्या भावाने, दिला. दहाव्यापर्यंत थांबायचं होतं, पण दुसरी भट्टी पेटवायची तयारी चालली होती, बाबांना तेवढी रजा मिळाली नाही. दहाव्याला परत येतो असं सांगून ते आपल्याला घेऊन भिलाईला आले. सुतकात गालाला पातं लावायचं नाही, दहाव्याला नदीवर न्हावी सगळ्या भाऊबंदांची एकदम उतरवतो, हे मलाही माहीत होतं. ड्यूटीवर जायच्या सकाळी बाबा अंगणात बसलेत, तोंडाला साबण लावलाय, कानाखाली यंत्र एकदा फिरलंय. तू नळावरून बादली घेऊन येतेस, बादली खाली ठेवतेस. "बापाची राख थंडी नाही झाली, अन् तुमी गाल चमकवून राहिले?" बाबा म्हणतात, "अवं, मास्क बसत नाही." "मंग खाली राहा. दुसरं काम द्या म्हना. कावून नाही देत? उद्या तुमच्या घरचे मले म्हनतील, भिलाईत जाऊन हिनंच रीत मोडली." बाबा तुझ्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मग खांद्यावरच्या पंच्याने साबण पुसून टाकतात. त्यांनी तेव्हा दोन शब्द बोलायला हवे होते. मला त्यांचाही राग आहे.

प्लांटमध्ये कुणी चुकलं नाही. टोळीच्या साहेबाने दाढी पाहिली आणि बाबांना मास्क दिलाच नाही. "बाप गया है, ठीक है, तुम नीचे रहो, सामान पकड़ाओ," म्हणाला. म्हणजे नियमही पाळला गेला आणि रीतही. दहाव्याच्या आदल्याच दिवशी वर पाइपापाशी बाबांच्या जोडीदाराचा मास्क सरकला आणि तो खाली बसला. तो नेहमीचा जोडीदार, ज्याच्या डब्यातलं लोणचं बाबा मला आणून द्यायचे, तो. बाकीचे लांब होते आणि बाबा शिडीच्या पायाशी. त्यांनी खाली ठेवलेला जादा मास्क तोंडाला लावला आणि चढले. जोडीदाराला खांद्यावर घेऊन उतरले, आणि शेवटच्या पायऱ्यांवर त्यांचेच पाय गेले. हे सगळं आपल्याला त्या जोडीदारानेच सांगितलं, आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून, रडत. तो लवकर बरा झाला. मास्क लावलेले बाबा मात्र हॉस्पिटलातच राहिले.

बाबा घरी आले तेव्हा त्यांचे हात कापत होते. पाणी मागायचं असलं की भलताच शब्द तोंडात यायचा आणि मग ते ओशाळून हसायचे. प्लांटने त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. आणि तू त्यांची दाढी करायला लागलीस. तेच फडकं, तोच साबण. दोन बोटांनी हनुवटी उचलून धरायचीस आणि यंत्र असं चालवायचीस की बाबांना कधी ओरखडा आला नाही. मी शाळेची वेणी घालता घालता बघायचे आणि मनात म्हणायचे, आता मायला कळलं असेल. मॅट्रिकला असताना एकदा तू त्यांच्या कानाखालचा साबण पुसत होतीस आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणालीस, "त्या दिवशी एक हात फिरला होता ना इथं. तेवढ्यानंच घात झाला." माझ्या हातातली वेणी सुटली. म्हणजे तू त्यांना अडवलंस ह्याचं तुला दुःख नव्हतं, अडवायला उशीर झाला ह्याचं होतं! त्यानंतर भाऊबंदांत कुठेही कुणी गेलं की तू दहा दिवस यंत्राला हात लावायची नाहीस, आणि बाबा पांढरे खुंट वाढवून मुकाट ओट्यावर बसायचे. मला ओरडून सांगायचं होतं की माय, गॅस त्या खुंटांतून शिरला, देवाने नाही शिरवला. नाही सांगितलं. मी खरी ठरले असते तर तू कशी जगली असतीस? आणि कधी कधी मला वाटतं, तुला सगळं ठाऊक होतं, आणि जगता यावं म्हणूनच तू ते दुसरं कारण धरून बसली होतीस. तुला विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता विचारून काय उपयोग, पण डोक्यातून जात नाही.

तू गेलीस तेव्हा बाबा आधीच गेलेले, आणि माझा धाकटा भाऊ प्लांटमध्ये गॅसच्या कामावर. त्याची सगळी रजा तुझ्या दुखण्यात संपली होती. तिसऱ्या दिवशी त्याला ड्यूटीवर जाणं भाग होतं. गालावर खुंट घेऊन तो निघाला तेव्हा मी दारात आडवी झाले. तो म्हणाला, "ताई, मी खालीच राहीन, वर नाही जात." मी म्हणाले, "बाबाबी खालीच होते." तो पायरीवरच बसला. मी पाणी तापवलं, फडकं भिजवलं. गावाहून आलेली काकू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मायचं सुतक हाये बाई, काही तर धर." मी म्हणाले, "त्याच्या वाट्याचं मी धरीन, काकू." तो रडत रडत दाढी करत होता, त्यामुळे दोनदा कापलंही. त्या दिवशी प्लांटमध्ये काही झालं नाही, कुणी पडलं नाही, मास्क कुणाला लागलाही नाही. घरात दबक्या आवाजात बोलणं झालं की उगीच रीत मोडली. दहाव्याला शिवनाथेवर न्हाव्याने त्याचं डोकं केलं आणि गुळगुळीत गालापाशी येऊन वस्तरा थांबवला. न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं, मी नदीकडे.

ही गोष्ट मी ह्यांना, सुनेला, शेजारणीला कितीदा तरी सांगितली आहे, आणि दरवेळी थोडी मान ताठ करूनच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन, असंही म्हणते. लोकांना ते आवडतं. पण त्या सकाळी घरात तुझा फोटो होता, तू नव्हतीस, एवढ्यावरच ते निभावलं. सुतक दुसऱ्या कुणाचं असतं, आणि तू बादली खाली ठेवून नाही म्हणाली असतीस, तर मी हातातला तांब्या खाली ठेवला असता आणि त्याला तसंच जाऊ दिलं असतं.