गाण्याच्या हॉलमधली जोडखुर्ची

निवेदिता,

बाहेरच्या खोलीत दोन जुन्या खुर्च्या दिसतील. घाबरू नकोस, चोर सामान ठेवून जात नाहीत. मीच आणल्या. चामराजपेटचा आमचा गाण्याचा हॉल पाडताहेत, म्हणून खुर्च्या विकायला काढल्या होत्या. मला तुझ्या सासूचीच हवी होती. तीस वर्षं ताल धरून तिनं खुर्चीच्या हातावरचा रंग घालवलाय, बघ. पण दोन्ही एकाच लोखंडी पट्टीवर निघाल्या. कापून मागितली तर वेल्डर म्हणाला, "अण्णा, एकटी उभी राहणार नाही."

म्हटलं, "मी वर्षभर राहिलोय ना, स्वल्प डुगडुगत."

मग कापली नाही.

तुझा राग उतरेपर्यंत पार्कात बसतो. वाळलेले कपडे उजवीवर टाका, ती माझी. डावीवर नको.

बाबा