तांबडीच्या पोटातलं सोनं

बॅलरॅटच्या खाणींवरून

आई,

आम्ही ठणठणीत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

खड्ड्यात सोनं लागेना, म्हणून आम्ही कॉर्नवॉलला, तुझ्याकडे परतायचं ठरवलं, पेटी बांधली. निघण्याआधी तांबडी कोंबडी कापली, तर तिच्या पोटात वाटाण्याएवढं सोनं!

"कुठे टिपलं गं हिनं?" तुझे जावई पास्को विचारतात. मला काय ठाऊक? ती दिवसभर गावभर हुंदडायची. आता पास्को उरलेल्या दोन कोंबड्यांमागे रांगत फिरतात. मी हाक मारली तर "हळू, बिचकतील!" म्हणून माझ्यावरच डाफरतात.

सोनं बघून मला रडू का आलं, कळत नाही. पेटी सोडू की नको? तूच सांग. तुझं उत्तर यायला आठ महिने लागतील. तोवर मी पेटीवरच बसून राहते.

तुझीच लेक,
टॅम्सिन