मुठीतला खड्डा

२ मार्च
आजपासून घरातला पसारा कमी. डेलला जाऊन वर्ष झालं. पोरगा होता, मान्य. पण रडगाणं किती दिवस? त्याची खोली रिकामी करायची. आधी ती रिव्हॉल्वर. जुन्या काउबॉय रिव्हॉल्वरची इटलीत बनलेली नक्कल. दर शनिवारी काउबॉय टोपी घालून नेमबाजीला न्यायचा. सांगून दमलो, घरात माझ्या आजोबांची अस्सल असताना हे खेळणं कशाला? तर म्हणायचा, तुमचीला हात तरी लावू देता का, बाबा?
ती हात लावायची वस्तूच नव्हे.

५ मार्च
दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. फरक आंधळ्यालाही कळेल. आजोबांची करडी, डागाळलेली, कडा झिजलेल्या. ते डाग म्हणजेच तिची इज्जत. जुन्याला घासायचं नाही, हा आम्हा जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचा धर्म. नक्कल निळीशार. घोडा ओढला की आवाज खणखणीत. चार-पाचदा ओढून पाहिला. खात्री करायला. मुठीवर अंगठ्याच्या जागी खड्डा पडलाय. डेलचा अंगठा. लाकूडच हलकं, दुसरं काय.

७ मार्च
जुन्या बंदुकांचा बाजार होता. गेलो नाही. रस्त्यावर बर्फ.
(शेजारी गेला. त्याला काय, नवी गाडी.)

१४ मार्च
गेलो. आज पुन्हा बाजार, मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुकांची टेबलंच टेबलं. ह्यूबर्टशी अदलाबदल केली, तोही माझ्यासारखाच जमवणारा. नक्कल त्याला, आजोबांच्या काळातलं चामडी म्यान मला. ह्यूबर्ट म्हणाला, म्हाताऱ्या, पस्तावशील. म्हटलं, खेळण्यासाठी कोण पस्तावतो?
सौदा झकास. जेवण गेलं नाही. तिथलं बीफ सँडविच शिळं असणार.

१५ मार्च
सून आली, नॅडीन. डेलची रिव्हॉल्वर मागायला. नात मोठी झाली की तिला देणार म्हणे. मी सरळ आजोबांची पुढे केली, नव्या म्यानासकट. आयुष्यात कुणाला दिली नव्हती. तिने हातही लावला नाही. म्हणाली, बाबा, ही तुमच्या आजोबांची. मला माझ्या नवऱ्याची हवी.
हिला यातलं काय कळतं! तरी म्हटलं, आणून देतो. त्यात काय एवढं.

१८ मार्च
ह्यूबर्ट फोन उचलत नाही. बहिरा झालाय मेला.

२१ मार्च
ह्यूबर्टच्या घरी गेलो. परत दे म्हटलं. तो हसून म्हणाला, दे मग आजोबांची! मी टेबलावर ठेवली. त्याचं हसू थांबलं. म्हणाला, अरे, चेष्टा केली, शुद्धीवर आहेस ना? म्हटलं, घे आणि आण लवकर.
आणली. मखमलीत गुंडाळून. म्हणाला, बघ, आठवडाभर राबलोय, आरशासारखी केलीय, मुठीतला तो खड्डापण घासून काढला.
त्याची काय चूक? जुन्याला घासू नये, एवढंच आमच्यात शिकवतात. नकलेचं कोण सांगतो.

२२ मार्च
नॅडीन येणार. तिला फरक कळायचा नाही.

नंतर
आली. आत गोळ्या नाहीत ना बघितलं, मग मुठीवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती नुसती माझा हात धरून बसली. कॉफी गार झाली.
रिव्हॉल्वर टेबलावरच राहिली. विसरली असेल. उद्या नेऊन देतो.