हंगामी सुरक्षाप्रमुख

३ मार्च, सोमवार
आजपासून मी सायबर सुरक्षाप्रमुख. (हंगामी. पण तो शब्द पत्रात अगदी बारीक टाइपात आहे.)

आमची पडद्यांची कंपनी. भाडं परवडेना म्हणून ऑफिस गुंडाळलं, आता चाळीस माणसं आपापल्या घरून पडदे विकतात. गेल्या महिन्यात सेल्समधल्या एका शहाण्याला इंटरनेटवर दिसलं, ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबून नवा घ्या.’ त्याने दाबलं. दोन दिवसांच्या ऑर्डरी गायब! म्हणून हे नवं पद. साहेबांनी त्यासाठी मलाच का निवडलं? ही म्हणाली, बाकी सगळ्यांना कामं होती. हिला दूरदृष्टी म्हणजे काय ते कळत नाही.

महिनाभर काही विपरीत घडलं नाही तर पद कायम. घडलं तर गोदामात, पडदे मोजायला. मला गोदामातली धूळ सोसत नाही. तेव्हा घडणार नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून अभ्यास. आणि ही रोजनिशी कागदावरच. कागदाला व्हायरस लागत नाही.

४ मार्च
उठायला नऊ वाजले. सगळ्यांना पत्रक पाठवलं: ‘वेब आणि आपण’, अकरा पानं. पान सातवर ‘ब्राउझर जुना झालाय’ या थापेवर स्वतंत्र प्रकरण, ठळक अक्षरांत. एकाचाही प्रश्न आला नाही. म्हणजे सगळ्यांना सगळं समजलं.

६ मार्च
कंपनीने फिल्टर घेतला. आता प्रत्येकाचं इंटरनेट त्यातून गाळून जाणार. नेहमीच्या कामाच्या साइट उघड्या, बाकी सगळं बंद. वेगळं काही उघडायचं तर हॉटलाइनवर फोन करून माझी परवानगी घ्यायची. डायनिंग टेबलावर फोन आणि टॅब मांडलाय. हिरवं बटण दाबलं की साइट सुटते, लाल दाबलं की अडते.

माझा स्वतःचा लॅपटॉप मी फिल्टरमधून वगळलाय. डॉक्टर काय पेशंटच्या रांगेत बसतो?

७ मार्च
फोन, फोन, फोन. चहा गार. दुपारी जरा डोळे मिटून विचार करत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी हॉटलाइन उचलली. (गुडघ्याच्या उपचारासाठी आल्यात. गुडघा बरा झाला. त्या आहेत.) डिझाइनवाल्याला चित्रांची कुठलीशी फुकट साइट हवी होती. सासूबाईंनी विचारलं, कशाला हवीय? कोणी सांगितली? आणि तो सगळं फुकट देतोय तर त्याचं घर कशावर चालतं? डिझाइनवाला म्हणाला, राहू द्या आजी, नकोच.

हा तांत्रिक विषय आहे, असं मी त्यांना समजावलं. हो का, म्हणाल्या.

१० मार्च
प्राथमिक छाननी सासूबाईंकडे सोपवली. मोठ्या पदावरच्या माणसाला कामं वाटून द्यावी लागतात. हिरवं आणि लाल शिकवलं. हिरवं नसतं तरी चाललं असतं, असं त्यांचं मत पडलं.

१३ मार्च
हल्ली फोन येतो तोच ‘आजी आहेत का?’ असा. मी उचलला तर चुकून लागला म्हणतात. वरिष्ठांशी थेट बोलायला लोक बिचकतात, साहजिक आहे.

आज सेल्समधल्या एका मुलीला मेसेज आला. पार्सल अडकलंय, सोडवायला हे पान उघडा. सासूबाईंनी विचारलं, तू काही मागवलं होतंस का? नाही म्हणाली. मग अडकलंय काय, तुझं नशीब? लाल.

अहवालात याला मी ‘टप्प्याटप्प्याची प्रश्नप्रणाली’ असं नाव दिलंय. (कल्पना माझी.)

१७ मार्च
साहेबांचा फोन. त्याच पार्सलच्या पानाने त्यांच्या मित्राच्या सोफ्यांच्या कंपनीचे बारा वाजले. आपण वाचलो! मी अभिनंदन नम्रपणे स्वीकारलं. सासूबाईंचा उल्लेख राहून गेला. साहेबांना बारीकसारीक तपशिलाचा कंटाळा आहे. सांगेन योग्य वेळी.

१९ मार्च
सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, सगळ्यांचे फोन येतात, तुमचा कसा येत नाही? लॅपटॉप वगळल्याचं शास्त्रीय कारण सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं पुटपुटत आत गेल्या. बहुतेक त्यांच्या धाकट्या दिरांबद्दल असावं.

२४ मार्च
महिनाअखेरीच्या अहवालाला शोभिवंत चौकट हवी होती. एका साइटवर फुकट मिळाली. उतरवून घेताना तिथेच सूचना आली की ब्राउझर जुना झालाय. सुरक्षाप्रमुखाचाच ब्राउझर जुना? लाज वाटली. लगेच नवा घेतला.

पान सातवरची थाप वेगळी. या सूचनेच्या शेजारी हिरवी खूण होती.

२५ मार्च
लॅपटॉप तापतोय. उन्हाळा.

२६ मार्च, सकाळ
काहीतरी घोटाळा आहे. माझ्या नावाने चाळीसच्या चाळीस जणांना पत्र गेलंय: ‘सुरक्षाप्रमुखांचा आदेश. खालच्या लिंकवर पासवर्ड भरा.’ मी पाठवल्याचं आठवत नाही. कर्तव्याच्या भरात झोपेत पाठवलं असेल का?

दुपार
नाही. लॅपटॉप उघडतच नाही. डोळ्यांपुढे गोदाम. साहेबांना ताबडतोब कळवायला हवं. आधी जेवतो.

संध्याकाळ
एकानेही पासवर्ड दिला नाही! माझं पत्रक कामी आलं, असं मी हिला म्हणालो. हिने हवाच काढून घेतली. निम्म्यांना संशय आला तो पत्र दोनच ओळींचं होतं म्हणून. इतकं आटोपशीर पत्र तुमच्या जावयांचं असूच शकत नाही, असं हिशेब बघणाऱ्या बाईंनी सासूबाईंना सांगितलं म्हणे. उरलेल्या निम्म्यांनी हॉटलाइनवर विचारलं. सासूबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. जावईबापूंनी पाठवलंय? मग तर मुळीच नको.

२७ मार्च
व्हिडिओ मीटिंग. सगळं एकाच लॅपटॉपवरून सुरू झालं, असं दुरुस्तीवाल्याने साहेबांना सांगितलं. इथवर ठीक. कोणाच्या, ते चाळीस जणांसमोर सांगायची काही गरज नव्हती. शेवटी साहेबांनी विचारलं की इतके दिवस फोन कोण उचलत होतं. मी योग्य वेळेची वाट बघत होतो, पण सगळे एका सुरात ओरडले, आजी!

२८ मार्च
साहेबांचा फोन. मला नाही, सासूबाईंना. पुष्कळ वेळ चालला. मी स्वयंपाकघराच्या दारात पाणी पीत उभा. सासूबाई चक्क लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

३१ मार्च, सोमवार
पद कायम झालं. सासूबाईंचं. काम इथूनच, आमच्या डायनिंग टेबलावरून. त्यांचा गुडघाही पुन्हा दुखायला लागलाय, इतक्यात प्रवास नको असं ठरलं. मी उद्यापासून गोदामात. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, फिल्टरमध्ये बसवून.

संध्याकाळी एक जाहिरात दिसली. ‘सायबर सुरक्षातज्ज्ञ हवेत. अनुभवाची अट नाही. पगार तिप्पट. आजच नाव नोंदवा.’ दाबलं, तर साइट बंद. बेडरूमचं दार लोटून हॉटलाइनला फोन लावला. सासूबाईंचा आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीतूनही.

कोण, म्हणाल्या. जावई, म्हणालो. बरं, काय हवंय? जाहिरात वाचून दाखवली. मग त्यांनी अगदी मायेने विचारलं, तुम्हाला? तिप्पट? कोण देतंय हो?

मी खरंच विचार केला. फार वाईट वाटलं.

लाल दाबा, म्हणालो.