सागाची चौकट

४ जून २००३
साहेब, चौथी शिकलेल्या बाईला रोज वही लिहायला लावता आणि पेन्सिल देता बोटाएवढी! तरी लिहिते. आज आले. नाशिक रोडच्या खोलीपेक्षा ही राखणीची खोली दुप्पट, हवा तर पोटभर. काम सोपं. गुरं आत येऊ द्यायची नाहीत, कोणाला काही तोडू द्यायचं नाही, जुने बुंधे आपोआप फुटतील ते लिहायचे. रान परत आलं की उन्हाळा वठणीवर येईल म्हणता. येऊ दे. पण कुऱ्हाडबंदी म्हणून माझा कोयताही कचेरीत ठेवून घेतलात!
खालच्या गावात एकाही दाराला लाकडी चौकट नाही, नुसते पत्रे. माझी चौकट सागाची, ह्याच डोंगरातली. त्या गावच्या पुंजाबाबाला म्हटलं, तुमच्यापेक्षा मी श्रीमंत. म्हातारा हसला नाही.

११ जून
बुंधे लय फुटलेत. चौकटीलाही कोंब! खुडला. बोटं लाल झाली. सागाचं कोवळं पान चोळलं की होतातच. लेकीचं, आशाचं पत्र आलं, पहिल्या बाळंतपणाला एकोणतीसला, रविवारी येतेय.

१५ जून
खुडला तिथं चार. बोटांचा लाल रंग साबणानंही जात नाही. पुंजाबाबा म्हणतो, डोंगराला कुंपण घातलं त्या वर्षी गावानं आपल्या चौकटी उपटून डोंगरावर नेऊन ठेवल्या, तूही ठेव. म्हटलं, बाबा, सकाळीच घेतली काय?

२० जून
दार अर्धंच उघडतं. उंबऱ्याला मुळ्या. तिरकी होऊन जाते-येते. खोली सोडली तर नोकरी जाईल, मग आशाला उतरवू कुठं?

२४ जून
दार हाय, फट नाय. खिडकीला गज. पुंजाबाबा त्यातून भाकर देतो. कुऱ्हाड लावा म्हटलं तर म्हणतो, साहेबांची चिठ्ठी आण, नाहीतर मला आत टाकतील.

२५ जून
खाट जमिनीत रुतली. रात्री आतून— पानं वाजतात. वारा नाय.

२६ जून
सकाळी दार ढकललं. डावा हात चिकटला. खुडणारा. सुटत नाय. साल मनगटापर्यंत आलीय— दुखत नाय, तेच वाईट.
वही गजातून पुंजाबाबाकडे देते. कुऱ्हाडीची चिठ्ठी पाठवा. शनिवारपर्यंत. हो का नाय, शनिवारपर्यंत सांगा साहेब! रविवारी आशा येईल, दार वाजवील, पोटुशी पोर, चौकटीला टेकून उभी राहील— चिठ्ठी नाय दिली तर तिला स्टेशनावरच अडवा, सांगा आई—