राहून गेलेली अटक

तीर्थरूप मंगलाआत्या,

गेल्या शुक्रवारी इथल्या मत्रा बंदरावरच्या जुन्या हवेलीत, भरल्या सभेत, मी अंगातला ब्रिटिश साम्राज्याचा कोट काढून होळीत फेकला आणि त्या क्षणापासून माझं काहीच पूर्वीसारखं राहिलेलं नाही. (नमस्कार राहिलाच. आमच्या माबेल्याच्या खोलीत वाकलं की डोकं माझ्याबरोबर राहणाऱ्या मुनीरच्या पलंगाला लागतं, तेव्हा जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचं पित्त माझ्यामुळे वाढतं असं तू म्हणायचीस. आता मी मस्कतला असल्यामुळे उतरलं असेल.) हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असतं, पण तुझा फोन आधी काका उघडतात, म्हणून कागद.

तर स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाली म्हणून इथल्या आपल्या मंडळाने एक संध्याकाळ साजरी करायचं ठरवलं, आणि त्यासाठी बंदराजवळची एका जुन्या व्यापाऱ्याची चुनेगच्ची हवेली मिळाली. तिथला रखवालदार अहमद. माणूस ओमानी, पण हिंदी माझ्यापेक्षा बरी. त्याच्या अटी दोनच : भिंतीला खिळा नाही आणि आत काडी ओढायची नाही. आता आमचं नाटक परदेशी कपड्यांच्या होळीचं. पण मधुकाका डगमगले नाहीत. (मधुकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, नाटकाचे लेखक आणि पूर्वाचे वडील, ते स्वतः ओळख याच क्रमाने करून देतात.) त्यांनी खाली तापणारा हॅलोजन, वर टेबलफॅन आणि फॅनला लाल-पिवळ्या कागदाच्या ज्वाळा बांधल्या. कपडे सगळ्यांनी घरून आणायचे होते. इथे प्रत्येकाच्या अंगावरचा धागान् धागा परदेशी, त्यामुळे ढीग मोठा जमला.

मला इंग्रज अधिकारी केलं. का, तर आपल्या घराण्याचे घारे डोळे. मी मवालेहच्या भाजीबाजारात अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कांद्याच्या गाळ्यावर दिवसभर उभा असतो, माझा रंग साम्राज्याला शोभणारा राहिलेला नाही, हे मी सांगून पाहिलं. मधुकाका म्हणाले, डोळे पुरेत, बाकीचं पावडर बघून घेईल. कोट त्यांनी स्वतःच्या लग्नातला दिला. पूर्वाच्या आईने त्याला पितळी बटणं लावली.

पूर्वा सत्याग्रही. ती इथल्याच इंडियन शाळेत शिकलेली, मराठी तिला अडखळत येते, आणि तिच्या वाट्याला तुरुंगातलं दोन पानी भाषण. ते महिनाभर मी तिच्याकडून बसवून घेतलं. 'शृंखला' हा शब्द तिला जमेपर्यंत माझं काय झालं ते तुला काय सांगू, तू आत्या आहेस. ती या महिनाअखेर पुण्याला वकिली शिकायला जाणार, म्हणून मी ठरवलं होतं की नाटक संपलं की तिला विचारायचंच. होय की नाही, खलास.

नाटक छान चाललं होतं. मी चार जणांना लाठ्या मारल्या. (एक वेताची काठी खरी लागली, पण तो गृहस्थ रिहर्सलला पूर्वाला उगाच पाणी आणून द्यायचा.) मग पूर्वा ढिगाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, लाज वाटत नाही का आपल्याच माणसांवर हात उगारायला? हे वाक्य तिने गर्दीतल्या हवालदाराला म्हणायचं, पण बघितलं माझ्याकडे. आत्या, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मी कोट काढला, होळीत फेकला आणि 'वंदे मातरम्' म्हणून ओरडलो.

टाळ्या पडल्या. मंडळी उभी राहिली. पण पूर्वा दोन्ही हात पुढे करून तशीच उभी, आणि हळूच म्हणतेय, पकड ना, पकड मला. मी तिचा हात धरला आणि तिच्याच शेजारी उभा राहून पुन्हा घोषणा दिली. आता अटक करायला इंग्रजच उरला नाही. अटक नाही म्हणून तुरुंग नाही, तुरुंग नाही म्हणून भाषण नाही. तेवढ्यात हॅलोजनवर पडलेल्या कोटातून खरा धूर निघाला, अहमदने बादली आणली, आणि त्याने ती ओतल्यावर कागदाच्या ज्वाळा, लग्नाचा कोट आणि पहिली रांग एकदमच विझली. अहमदने मला बाजूला घेऊन विचारलं, "ये अंग्रेज पहले से तुम्हारा आदमी था क्या?"

बाहेर पायरीवर पूर्वाला गाठलं. विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "तू काहीच कम्प्लीट का नाही करत? कॉलेज हाफ, इंग्रजपण हाफ. माझी स्पीच तूच शिकवली ना? मग मला जेलमध्ये का नाही जाऊ दिलं?" आणि गाडीत जाऊन बसली.

आता हे होय की नाही? मुनीर म्हणतो, "नाय म्हनायचं असतं तर येवढी रडली नसती." मला वाटतं रडली म्हणजे नाहीच. मग वाटतं, कॉलेजचा विषय तिने स्वतःहून काढला, म्हणजे पुढचा विचार केला असणार. मग वाटतं, भाषण गेल्यावर कोणीही रडेल. माझं डोकं चालत नाही.

तुझा,
जितेश

ता. क. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

ता. क. २ कॉलेज सोडलं ते बरोबरच होतं. काका तिथले प्राध्यापक असले म्हणून काय झालं, त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर मला बाहेर जा म्हटलं, मी गेलो, यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही. तरी सहज विचारते आहेस असं दाखवून काकांना विचार, दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसता येतं का. माझं नाव काढू नकोस.

ता. क. ३ विचारू नकोस. आधी मला पूर्वाचं नक्की कळू दे.

ता. क. ४ आज सूर गावाहून आलेल्या आपल्या मंडळींपुढे तोच प्रयोग आहे. पूर्वानेच मधुकाकांना सांगितलं म्हणे की इंग्रज जितेशच हवा. मी काहीही झालं तरी तिला अटक करणार, तुरुंगात टाकणार आणि तिचं भाषण संपेपर्यंत विंगेत गप्प उभा राहणार. मुनीर खाली हॉर्न वाजवतोय, कागद दारावर धरून लिहितोय. काकांना विचारच, आणि नाव माझंच सांग. निघालो, दार लावतोय.